वाटीतला काला

त्या हॉटेलात बिल आवाजात चुकतं करावं लागे. एस.टी. स्टँडच्या मागे ते हॉटेल होतं. खाली बाकडी, वर फॅमिली रूम. पाटीवरचं नाव उन्हानं केव्हाच उडालेलं, 'शुद्ध शाकाहारी' एवढंच उरलेलं, म्हणून गाव त्याला शाकाहारीच म्हणे. खाणं आटोपलं की शेळके वेटर बडीशेपेच्या बशीबरोबर स्टीलची एक वाटी आणून ठेवी. वाटीशी तोंड नेऊन बोलायचं. बोललेलं वाटीच्या तळाशी सायीसारखं जमायचं आणि शेळके ते आत घेऊन जायचा. एरवी माणसानं दिवसभर बडबड केली तरी आवाज काही कमी होत नसे. पण वाटीत गेला तो गेला. इडलीला एक हुंकार लागे. मिसळीला दारातून मारलेली एक हाक. रवा डोशाला पोट धरून हसलेलं एक हसू, आणि चटणी पुन्हा मागितली तर वर एक उसासा. बिल चुकतं होईपर्यंत वरून खाली जायचा जिना दिसत नसे. महाग होतं, पण डोसा कुरकुरीत मिळे.

शरयू त्या हॉटेलात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जाई, तिच्या तिघी मैत्रिणींबरोबर. शरयू कीर्तनकार. परकर नेसायच्या वयात वडिलांच्या मागे झांजा घेऊन उभी राहिली, आणि वडील गेल्यावर त्यांचंच उपरणं खांद्यावर टाकून पुढे उभी राहिली. पंचक्रोशीत तिचा आवाज ओळखीचा होता. म्हातारी माणसं म्हणत, बाईंनी 'हरी' म्हटलं की दाराची कडी आपोआप निघते. मैत्रिणी तिला बुवा म्हणत, चिडवायला.

बाकी तिघींत कुंदा खाण्याची शौकीन. विजू जन्मभर पोस्टाच्या खिडकीत बसून निवृत्त झालेली. वाटण्या करणं तिच्याकडे. पमीचा नवरा अंथरुणाला खिळलेला, त्याला ती रोज सकाळी पेपर वाचून दाखवी. चौघी शाळेत एका बाकावर बसत, तेव्हापासूनची गट्टी. नियम एकच, बिल सारखं वाटायचं. कुणी काय खाल्लं ते बघायचं नाही. पुढे पुढे जी ती सबबी सांगायला लागली तेव्हा विजूनं दुसरा नियम काढला: जी येणार नाही, तिचा वाटा आलेल्या ठरवतील. हसत हसतच काढला होता. पण पोस्टात राहिलेल्या बाईनं काढलेला नियम, तो मोडणार कोण?

टिप मात्र वेगळी होती. बिल मालकाचं, टिप शेळक्याची. शेळक्याला स्वतःचा असा आवाज नव्हता. गिऱ्हाइकं बशीत काय टाकून जातील त्यावर त्याचं बोलणं चाले. सकाळी तो एखाद्या ड्रायव्हरच्या आवाजात ऑर्डर पुकारी, दुपारी कुठल्याशा मास्तरांच्या. विजू म्हणे, "सर्व्हिस बिलात धरलेली असते गं, वेगळं कशाला?" कुंदा पर्समध्ये काहीतरी शोधत बसे. शरयू मागे थांबायची आणि चौघींच्या वतीनं बशीत एखादा शब्द ठेवून यायची. एकदा असाच 'माउली' ठेवला होता. पुढे कधीतरी शेळक्याच्या घरावरून जाताना आतून तिचाच आवाज तिच्या कानी पडला. शेळके आपल्या आजारी आईला भात भरवत होता आणि म्हणत होता, "माउली, एवढा घास." शरयू रस्त्यात उभी राहिली आणि तिनं हात जोडले. बशीत ठेवला तेव्हापासून तिला स्वतःला तो शब्द उच्चारता येत नव्हता, पण त्याचं तिला काही वाटलं नाही. देवाचं होतं, देवाकडे गेलं.

त्या महिन्यात पहिला रविवार आणि सप्ताहाचा काला एका दिवशी आले. काल्याचं कीर्तन शरयूचं होतं, दहा वाजता, देवळात. आठवडाभर तिनं आवाज जपला होता, जिभेखाली लवंग धरून. काल्याच्या दिवशी माणसं लांबून येतात. वर्षभराचं ऐकून घेऊन जातात. सकाळी देवापुढे बसून तिनं विचार केला. न जावं, तर तिघी मिळून वाटा ठरवणार, आणि तिघींची ओढाताण तिला माहीत होती. जावं हेच बरं. नुसतं बसून यावं.

वर गेली तेव्हा तिघी आलेल्या होत्या.

"आल्या बुवा," कुंदा म्हणाली. म्हणाली म्हणजे ओठ हलले आणि पानं चाळवल्यासारखं काहीतरी झालं. गेल्या काही महिन्यांच्या डोशांत कुंदाचं सगळं हसू आणि वरचा सगळा आवाज गेला होता. "उपरणंबिपरणं! आम्हाला आशीर्वाद द्यायचाय का नाश्ता करायचाय?"

"मी काही घेणार नाही. कीर्तनाआधी खात नाही मी, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"नुसती बसणार? शोभतं का ते?"

"बरं, अर्धा कप दूध सांगा."

"अर्धा कप दूध," विजूनं शेळक्याला सांगितलं. विजूच्या आवाजाला चढउतार उरला नव्हता, सगळं एकाच पट्टीत निघे. "आणि कुंदे, तू जरा बेतानं सांग."

कुंदानं बेतानं सांगितलं नाही. रवा मसाला डोसा, शिरा, कटवडा, मग पुन्हा डोसा. "नातवाला सून माझ्या हातचं खाऊ देत नाही," ती म्हणाली, "निदान मी तरी खाते." पमीनं इडली घेतली आणि ती अर्धी रुमालात बांधली, नवऱ्यासाठी. विजूनं मिसळ घेतली. शेळके कठड्याशी जाऊन खाली ओरडला. त्या दिवशी त्याच्याकडे कुणा कंडक्टरचा आवाज होता.

"चला, दोन रवा, एक मिसळ, पुढे सरका, अर्धं दूध!"

खाणं चांगलं झालं. जुन्या गोष्टी निघाल्या; शाळेतल्या शिवणाच्या बाई निघाल्या. कुंदा हसण्यासारखं तोंड करी, मग हसू नाही हे आठवून पाणी पिई. देवळाकडून मृदंगाला कणीक लावल्यावर मारतात तशी थाप ऐकू आली. शरयूनं दूध संपवलं आणि पुन्हा लवंग जिभेखाली सरकवली.

शेळक्यानं बशी आणि वाटी ठेवली. बशीत बिलाचा कागद होता. त्यावर डोसा, हाका, उसासे असं काहीच नव्हतं. एकच ओळ होती: एक गळा.

विजूनं कागद उलटून पाहिला. "हे काय?"

"दर वाढलेत," शेळके कंडक्टरच्या आवाजात म्हणाला. "बोला, पटकन बोला."

"एक गळा म्हणजे पुरा?"

"पुरा."

तो बाजूला जाऊन उभा राहिला. जिन्याच्या जागी भिंत होती, ती नेहमीचीच. पण मागची भिंतही टेबलाच्या जवळ आली होती. पमीनं खुर्ची पुढे ओढली.

"सोपं आहे," विजू म्हणाली. "एकाचे चार. पाव पाव गळा."

"माझ्याकडे पाव कुठाय गं?" कुंदा कुजबुजली. "हे एवढंच राहिलंय. बाळाला हाक मारायची म्हणून ठेवलंय. घरी मी खुणांनी बोलते, विचार पमीला."

पमीनं मान हलवली. पमीजवळ जेमतेम पेपर वाचण्यापुरता आवाज होता, तोही वरच्या मथळ्यांना पुरेल न पुरेल असा. ती टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिली.

"मी अर्धा कप दूध घेतलंय," शरयू म्हणाली. तिला बोलायचं नव्हतं, पण निघून गेलं.

तिघींनी तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे काय?" कुंदा म्हणाली. "आता टी.टी.एम.एम. का? तुझं तू, माझं मी? कॉलेजातल्या पोरींसारखं?"

"तसं नाही गं."

"इतकी वर्षं कुणी कुणाच्या ताटात पाहिलं नाही, बुवा. तुझ्या वडलांच्या वेळेला आम्ही पंगतीत वाढलं, ते कुणी मोजलं होतं?"

"कुंदे, अगं, दहाला काला आहे. माणसं बसलीत."

"तेच म्हणते मी," विजू त्या एका पट्टीत म्हणाली. रागावली होती की नाही ते कळायला मार्ग नव्हता. "तुझा कीर्तनात भरून येतो. माणसं तुझ्यामागून म्हणतात, टाळ वाजतो, तुझा वाढतो. आमचा कोण वाढवणार? ज्याच्याकडे आहे त्यानं जास्त घालावा. यात अन्याय नाही. तूच सांगतेस ना उभी राहून?"

भिंत आणखी पुढे आली. पमीच्या खुर्चीची पाठ तिला टेकली, आणि टेबलाची कड शरयूच्या पोटाला लागली. देवळातला भोंगा सुरू झाला. "शरयूताईंनी असतील तिथून यावं. मंडळी जमली आहेत. शरयूताई."

शरयूनं डोळे मिटले. डोळे मिटले की तिला कीर्तनच दिसे. आज सांगायचा तो प्रसंग पुढे उभा राहिला: रानात उन्हं चढलीत, गाई बसल्यात, आणि देव सवंगड्यांना म्हणतो, सोडा रे शिदोऱ्या. कुणाची ताकातली भाकरी, कुणाचा दहीभात, लंगड्याच्या फडक्यात तर नुसत्या शिळ्या कण्या, तो लाजून मागे लपवतोय. देव ओढून घेतो, सगळं एकात कालवतो आणि स्वतःच्या हातानं वाटतो. कुणाचं किती, हे विचारत नाही. सगळे पोटभर जेवतात आणि तरी उरतं. हे उरतं म्हणताना ती नेहमी हात वर करी आणि माणसं टाळ्या वाजवत. वडिलांनी शिकवलं होतं तसं.

तिनं डोळे उघडले. वाटी टेबलाच्या मधोमध सरकवली.

"शिदोऱ्या सोडा," ती म्हणाली.

"काय?"

"सगळ्यांचा सगळा यात घाला. कालवू. त्यातून बिल देऊ आणि उरेल तो वाटून घेऊ. माझा जास्त, तुझा कमी, काही नको. काला करू."

"आणि नाही उरलं तर?" विजूनं विचारलं.

"उरतं," शरयू म्हणाली. तिला खात्रीच होती.

कुंदा वाटीवर वाकली आणि तिनं नातवाचं नाव घेतलं. वर्षभर जपलेलं होतं, ते कोऱ्या कापडाच्या घडीसारखं वाटीत पडलं. मग तिचा खोकलाही गेला. विजूनं 'पुढचा, पुढचा' असं म्हणत आपली सगळी पट्टी ओतली. पमीला वेळ लागला. तिनं आधी मथळे घातले, मग बाजारभाव, मग निधनवार्ता, आणि शेवटी नवऱ्याला उठवताना म्हणायची ते 'अहो'. मग ती हात मांडीवर ठेवून बसली.

शरयू वाकली. तिनं आरत्या घातल्या, ओव्या घातल्या, आख्यानातले राजे आणि राण्या घातल्या, कोवळा बालपणीचा आवाज होता तो घातला, वडिलांची नक्कल करत असे ती घातली. वाटी काठोकाठ भरली. शेवटी 'हरी' उरला, ज्यानं ती प्रत्येक कीर्तन सुरू करी. तो ओठांपर्यंत आला. तिनं जिभेनं तो मागे सारला आणि लवंगेखाली ठेवला. कुणी पाहिलं नाही. शेळके बशीतली बडीशेप सारखी करत होता.

मग तिनं चमच्यानं कालवलं. कुणाचं कुठलं ते राहिलं नाही. चौघी त्या पांढऱ्या काल्याकडे बघत राहिल्या आणि क्षणभर चौघींनाही बरं वाटलं, शाळेत डबे एकत्र करून खायच्या तेव्हा वाटे तसं.

शेळक्यानं डाव आणला. एक गळा मोजून घेतला. डाव मोठा होता.

वाटीच्या तळाला बोटभर राहिलं. शरयूनं बोटानं त्याचे चार वाटे केले, अगदी सारखे. जिच्या वाट्याला जे आलं ते तिनं चाटून घेतलं.

"पुढचा," शरयू म्हणाली. तिनं पुन्हा बोलून पाहिलं. "पुढचा. कांदा मध्यम प्रतीचा." एवढंच होतं.

विजूकडे कुंदाचा खोकला आला. कुंदाकडे एका आरतीचं शेवटचं कडवं आलं, त्यात नातवाचं नाव नव्हतं. पमीनं तोंड उघडलं आणि शरयूच्या आवाजात, दहाबारा वर्षांच्या शरयूच्या आवाजात, ती म्हणाली, "अय्या." मग पुन्हा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं इडलीचा रुमाल उचलून छातीशी धरला. अंथरुणावरच्या माणसाला पेपरऐवजी आता हे ऐकायला मिळणार होतं. त्याला आवडेल असं तिच्या तोंडावर दिसत होतं. शरयूनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. रागवायचं कुणावर, हे तिला कळेना.

जिना दिसू लागला होता. तिघी उतरल्या. शरयू नेहमीसारखी मागे राहिली. शेळके बशी हातात धरून उभा होता. ती बशीकडे पाहत राहिली. टिप ठेवावी असं तिच्याजवळ 'पुढचा' होता, मध्यम प्रतीचा कांदा होता, आणि लवंगेखालचं होतं. कांदा ठेवणं बरं दिसेना. तिनं चिमूटभर बडीशेप उचलली आणि ती खाली आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या मागची बशी रिकामी राहिली.

देऊळ भरलं होतं. मंडपाच्या मधोमध हंडी टांगलेली, आंब्याचे डहाळे, खाली रांगोळी. टाळकरी दोन बाजूंना उभे राहिले. शरयूनं उपरणं सारखं केलं, गळ्यात हार घालून घेतला, वीणेकऱ्याच्या पाया पडली आणि पुढे येऊन उभी राहिली. माणसांनी माना वर केल्या.

तिनं लवंग बाजूला सारली आणि म्हणाली, "हरी."

माणसं मागून म्हणाली, "हरी."

दुसरं काही नव्हतंच. तिनं पुन्हा म्हटलं. मृदंगवाला चपापला, मग त्यानं ठेका धरला. ती हातांनी रान दाखवी, गाई दाखवी, लंगड्याचं लपवलेलं फडकं दाखवी आणि प्रत्येक ठिकाणी तेवढंच म्हणे. कधी हळू, कधी हाक मारावी तसं. माणसं आधी एकमेकांकडे बघत होती, मग बघेनाशी झाली. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं डोळ्यांना पंचा लावला. असं कीर्तन कधी ऐकलं नव्हतं, असं बायका पदराआडून म्हणत होत्या. शरयूलाही वाटलं, देवानं बाकीचं सगळं झाडून नेलं ते एवढ्यासाठीच. एवढं राहू दे. एवढ्यावर जन्म निघेल.

तिनं काठीनं हंडी फोडली. दही आणि लाह्या खाली आल्या. परातीत भरून ती वाटायला उभी राहिली, आणि माणसं ओंजळी धरून रांगेनं येऊ लागली. काल्यात कुणालाही रिकाम्या हातानं परत पाठवत नाहीत. विजू आली, खोकून पुढे गेली. कुंदा आली, तिनं काला तोंडात टाकला, शरयूच्या गालाला बोट लावून ते आपल्या ओठांना लावलं. पमी घाईत होती, तिनं द्रोणात बांधून घेतला. रांग संपत आली तसा परातीतला कालाही संपत आला, अगदी बरोबर, जसा काही मोजून केला होता. शेवटच्या माणसाला घातला तेव्हा परात पुसल्यासारखी झाली.

त्या माणसाच्या मागे शेळके उभा होता. फडकं खांद्यावर, ओंजळ पुढे.

शरयूनं त्याला परात दाखवली. त्यानं परातीकडे पाहिलं नाही.

"माउली," तो म्हणाला. तो तिचाच आवाज होता, भात भरवतानाचा, मऊ. मंडपात सगळ्यांनी वळून पाहिलं. मृदंग थांबला.

मग शेळक्यानं घसा साफ केला आणि कंडक्टरच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "टिप राहिली. सुटं नसेल तर लवंगेखालचं चालेल."

शरयूनं त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. मंडपाचे खांब जवळ आले होते. देवळाच्या पायऱ्या होत्या त्या जागी भिंत होती. आणि काला खाऊन बाजूला बसलेली माणसं एकेक करून उठत होती, हात धोतराला, पदराला पुसत होती आणि शेळक्याच्या मागे पुन्हा ओंजळी धरून उभी राहत होती.